संचालकांना वर्गात परतायची वाट द्या

संपादक महोदय,

राज्यातल्या अनेक एमबीए संस्थांचा कारभार वर्षानुवर्षे ‘प्रभारी संचालक’ पाहतात. विचारलं तर पात्र माणूस मिळत नाही, हे ठरलेलं उत्तर. तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या २०१९ च्या नियमांत संचालकपदासाठी पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान ३ वर्षं प्राध्यापकपदाची, दोन पीएच.डी. विद्यार्थ्यांना यशस्वी मार्गदर्शन आणि आठ शोधनिबंध, अशा अटी आहेत. त्या पूर्ण करणारे प्राध्यापक आहेत. पण मुदत संपल्यावर पुढे काय, या धास्तीने ते अर्जच करत नाहीत.

धास्ती खोटी नाही. संचालक झाल्यावर पहिल्या वर्षी कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांच्या गडबडीत तास बुडतात. दुसऱ्या वर्षी संस्थेच्या दर्जाच्या मूल्यांकनासाठी ‘नॅक’चा अहवाल येतो आणि विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातो. मग शुल्क नियामक प्राधिकरणाचा प्रस्ताव, मान्यतेचं नूतनीकरण, प्लेसमेंट. संशोधक विद्यार्थी दुसरा मार्गदर्शक शोधतात. पाच वर्षांनी हातात ना विषय उरतो, ना जुनी जागा. मग खुर्ची सुटत नाही, किंवा माणूस दुसऱ्या संस्थेत पुन्हा संचालक होऊन जातो.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये रवी मथाई यांनी यावरची वाट फार पूर्वी घालून दिली. विक्रम साराभाईंनी मानद संचालक म्हणून उभी केलेली ही संस्था १९६५ मध्ये मथाईंकडे आली. ते पहिले पूर्णवेळ संचालक, उद्योगातला अनुभव असलेले, पीएच.डी. नसलेले. १९७२ मध्ये त्यांनी आपणहून पद सोडलं आणि त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून राहिले. पुढे राजस्थानात तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा इथे विणकर आणि चर्मकारांबरोबर त्यांनी जे काम उभं केलं, ते संचालकपद सोडल्यानंतरचं आहे. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग सर्वांत मोलाचा.

खासगी संस्थांनाही हे जमण्यासारखं आहे. नियुक्तीपत्रातच लिहावं की मुदतीनंतर मूळ प्राध्यापकपद, ज्येष्ठता आणि वेतन कायम राहील. परतताना सहा महिन्यांची अभ्यासरजा द्यावी. पाच वर्षांत बदललेला विषय पुन्हा हाती यायला तेवढा वेळ लागतोच. संचालकपदाच्या काळातही दर सत्रात एक विषय त्यांच्याकडे असावा, आणि त्याचे तास सकाळी पहिले ठेवावेत. दुपारचे तास बैठकांत हमखास जातात. नव्या संचालकाचा शोध मुदत संपायच्या वर्षभर आधी सुरू व्हावा. तो उशिरा सुरू झाला की निवड समितीचं कोरम जमेपर्यंत पद रिकामं होतं आणि ‘प्रभारी’ येतो.

संचालकाच्या खर्चमंजुरीची मर्यादाही नियुक्तीपत्रात रुपयांत लिहावी. ती तोंडी राहिली की प्रोजेक्टरचा दिवा बदलायची फाइलसुद्धा ट्रस्टच्या कार्यालयात जाते आणि वर्ग आठवडाभर फळ्यावर चालतो.

– व्यवस्थापनशास्त्राचा एक प्राध्यापक, पुणे