नाव न सांगता गेलेल्यांना

धायरीच्या आमच्या मदतनीस कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राची नवी शेड अखेर उभी राहिली. ऐन पावसात पत्रे पोचवून भाडं न घेता निघून गेलेले टेम्पोवाले दादा, तुमचा नंबरही घ्यायचा राहिला. आता सरावाला आडोसा झाला. अंध मालकाने ‘चल’ म्हटलं तरी समोरून गाडी येत असेल तर जागचं हलायचं नाही, हा हट्ट कुत्र्याला मुद्दाम शिकवावा लागतो. (पुण्यात त्यासाठी दुचाक्या शोधाव्या लागत नाहीत!) आणि मंडईतल्या मावशी, आमच्या राणीला बिस्किट द्यायला पुढे केलेला हात तुम्ही ‘अगंबाई, कामावर आहे ना ती?’ म्हणत मागे घेतलात. तेवढंच हवं होतं. शेडच्या कामगारांसाठी तुम्ही दिलेल्या गवारीचे पैसे मात्र अजून द्यायचेत. नाही म्हणू नका.