झाडं मोजता, वटवाघळंही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या शिवेवरचा जुना वड तोडा, अशी मागणी परवा ग्रामसभेत झाली. कारण काय, तर त्यावर वटवाघळं लटकतात आणि ‘निपाह’ची साथ येईल. केरळात 2018 साली निपाह आला तेव्हा फळखाऊ वटवाघळांकडे बोट गेलं, हे खरं. पण वड पाडला तर ती मरत नाहीत, पांगतात. चार झाडं सोडून कुणाच्या तरी अंगणात लटकतात. उष्टी फळं खाऊ नयेत, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मी द्राक्ष बागायतदार. वटवाघळांचा कैवार घ्यायचं मला खरं तर काहीच कारण नाही. मण्यांत पाणी उतरलं की आखूड नाकाची लहान वटवाघळं रात्री बागेत शिरतात, सकाळी वेलीखाली चघळलेल्या सालींचा सडा. जाळीचा खर्च वेगळाच.

पण याच आखूड नाकवाल्याशी गल्लत होऊन एक दुर्मीळ वटवाघूळ चोवीस वर्षं संग्रहात पडून होतं. 1948 साली निसर्ग अभ्यासक अँगस हटन यांनी ते तमिळनाडूतल्या मेघमलैच्या डोंगरात पकडलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ‘नेहमीचंच’ म्हणून त्याची नोंद झाली. पुढे थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी ते नीट पाहिलं, तर त्याला शेपूटच नाही. 1972 साली ते वेगळ्या प्रजातीचं ठरलं आणि त्याला डॉ. सलीम अलींचं नाव मिळालं. दक्षिण सह्याद्रीतल्या सदाहरित रानांपलीकडे ते कुठे सापडत नाही. गंमत बघा, 1972च्याच वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, ‘उपद्रवी’ म्हणून बसवलेली! ती यादी 2022च्या दुरुस्तीत एकदाची गेली.

सलीम अलींचं वटवाघूळ नाशिकला निघेल, असा माझा दावा नाही. पण आपल्याकडे काय आहे, हे तरी कुणी पाहिलंय? सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी झाडं तोडायची की नाही यावर एवढा वाद झाला, आकडे आले. त्या झाडांवर दिवसा कोण झोपतं याची नोंद माझ्या तरी वाचनात आली नाही. पेठ-सुरगाण्याकडे मोह फुलतो तो रात्री, आणि त्याचं परागीभवन करायला वटवाघळं येतात. अंजनेरी, हरसूलची रानं, पांडवलेण्यांसारखी लेणी, गावोगावचे वड-पिंपळ इथे महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आणि वनखात्याने मिळून वटवाघळांची जातवार मोजणी करावी. फार खर्चाचं काम नाही. तिन्हीसांजेला ती बाहेर पडतात, तेव्हा खाली उभं राहून मोजायची.

वडाचा ठराव पुढच्या ग्रामसभेत पुन्हा येणार आहे. त्याआधी कुणा जाणकाराने एक संध्याकाळ आमच्याकडे यावं. चहा माझ्याकडे.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक