पुण्याचा नमुना बेळगावात चालत नाही

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

घरं भाड्यानं देण्याच्या तुझ्या दलालीसाठी तू पाठवलेले भाडेकराराचे तिन्ही नमुने वाचले. त्यातला दिसायला सगळ्यात गुळगुळीत पुण्याचा आहे, आणि नेमका तोच आधी बाजूला ठेव. वर 'लिव्ह अँड लायसन्स' असं लिहिलंय आणि आत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली ताबा परत घेण्याची भाषा आहे. तो कायदा महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीपर्यंत. कर्नाटकात, बाचीपासून पुढं त्याचं कलम कितीही जाड अक्षरात छापलं तरी मालकाला त्याचा आधार मिळत नाही. आपल्याकडं कोल्हापूर-पुण्याचे नमुने फिरतात कारण ते मराठीत आयते मिळतात, एवढंच.

इथं काय लागू होतं ते बघ. कर्नाटक भाडे कायदा 1999 कमी भाड्याच्या घरांपुरता आहे. महिना 3500 रुपयांच्या वरच्या घराला तो लागत नाही. टिळकवाडी, भाग्यनगर, हिंदवाडीत तुझ्याकडं येणारी बहुतेक घरं त्याच्या बाहेरच असतील. मग उरतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि त्यात सगळा भार तुमच्या करारावरच येतो. करारात नोटिशीबद्दल काही लिहिलेलं नसेल तर राहत्या घराला 15 दिवसांची नोटीस धरली जाते. मालकालाही तेवढीच, भाडेकरूलाही तेवढीच. एवढ्यात मुलांची शाळा बदलून कोण घर शोधणार? म्हणून दोन्ही बाजूंना एक महिना किंवा दोन महिने असं स्पष्ट लिही, आणि नोटीस कुठल्या पत्त्यावर, कशी द्यायची तेही.

मुदत 11 महिने का, हे तुला गिऱ्हाईक विचारेल. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी कार्यालयात नोंदवावाच लागतो. नाही नोंदवला तर त्यातल्या अटी कोर्टात सिद्ध करता येत नाहीत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हा गैरसमज अजून घट्ट आहे. तुझ्या दुसऱ्या नमुन्यात मुदत 11 महिने आणि खाली 'भाडेकरूच्या इच्छेनुसार पुढील तीन वर्षे चालू राहील' असं वाक्य आहे. हे वाक्य 11 महिन्यांचा सगळा हेतूच धोक्यात आणतं. तीन वर्षं द्यायची असतील तर सरळ तीन वर्षांचा करून नोंदव. नसतील तर ते वाक्य खोड.

स्टॅम्पच्या बाबतीत 'शंभरचा बाँड आणा' ही सवय सोड. मुद्रांक भाडं आणि डिपॉझिट दोन्ही धरून काढतात. कमी पडला तर करार कोर्टात पुढं केल्यावर तो अडकवून ठेवतात, आणि राहिलेली रक्कम व तिच्या दहापट दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत. ई-स्टॅम्पवर दोन्ही पक्षांची नावं आधारवर आहेत तशीच हवीत. स्टॅम्पची तारीख कराराच्या तारखेनंतरची नको. घाईत हे फार वेळा होतं.

आता 'लीज'. आपल्या भागात कुणी 'लीजवर घर पाहिजे' म्हणाला तर आधी विचार: महिन्याच्या भाड्यानं की रक्कम देऊन? बेळगावात लीज म्हणजे बहुधा पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं, जाताना रक्कम परत घ्यायची. व्यवहाराला सोपा दिसतो, पण आशयानं तो भोगवटा गहाणाच्या, म्हणजे घराचा ताबा देऊन उचललेल्या कर्जाच्या, जवळचा आहे. त्याला भाडेकराराचा 11 महिन्यांचा कागद लावणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चूक आहे. घरावर आधीच बँकेचं कर्ज असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर बँकेचा हक्क आधी येतो आणि लीजवाला रांगेत मागं राहतो. असा व्यवहार तुझ्याकडं आला तर ईसी, म्हणजे घरावरच्या बोजांचा नोंदणी कार्यालयातला दाखला, काढून बघ, बोजा असेल तर बँकेचं लेखी पत्र माग, आणि दस्त नोंदवूनच घे. मालक नोंदणीला तयार नसेल तर ते काम घेऊच नकोस. दलाली गेली तर जाऊ दे.

मालक कोण, हे विजेच्या बिलावरून ठरवू नको. हेस्कॉमचं बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर वर्षानुवर्षं चालतं. शहरात सिटी सर्व्हे उतारा आणि महापालिकेची घरपट्टी, पंचायत हद्दीत ई-स्वत्तू या सरकारी मालमत्ता-नोंदीतले 9 आणि 11 नंबरचे फॉर्म बघ. चार भावांचं घर असेल तर सही चौघांची, नाहीतर तिघांनी चौथ्याला दिलेलं मुखत्यारपत्र. तुझे निम्मे मालक पुण्या-मुंबईत. तू सही करणार असशील तर मुखत्यारपत्रात भाड्यानं देणं, भाडं घेणं, नोटीस देणं, डिपॉझिट परत करणं हे चारही अधिकार वेगवेगळे लिहिलेले हवेत. ते महाराष्ट्रात केलेलं असेल तर इथला मुद्रांक-फरक भरून घे. आणि 'मालकातर्फे' हा शब्द सहीच्या वर लिहिल्याशिवाय पेन टेकवू नको, नाहीतर डिपॉझिटची मागणी थेट तुझ्या दारात येईल.

अटी वाचताना घर सोडण्याचा दिवस डोळ्यासमोर धर. भांडण त्याच दिवशी होतं. 'योग्य ती कपात करून डिपॉझिट परत' असं लिहिलं असेल तर योग्य म्हणजे किती? रंगकामाचे किती हजार, ते आकड्यात. किल्ली दिल्यापासून किती दिवसांत परत, तेही. वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, कौलांतून गळतं. ही दुरुस्ती मालकाची असं नाव घेऊन लिही आणि बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी ही भाडेकरूची. बोअरची मोटर जळली तर? सामाईक असेल तर वाटणी लिही. भाडेवाढ टक्क्यात लिहिलीस तरी पुढं आकडा हवाच: 9000 चे 9450. ताबा देताना खोलीवार यादी, मीटरच्या आकड्याचा फोटो, दोघांच्या सह्या. यादी करारालाच जोड, वेगळी ठेवलीस तर हरवते.

मुदत संपली तरी मालक भाडं घेत राहिला की राहणारा महिन्या-महिन्याचा भाडेकरू होतो, म्हणून नवव्या महिन्यालाच वहीत खूण कर. आणि भाडं थकलं म्हणून लाईट तोडणं, कुलूप बदलणं अशी अट कुणी घालायला सांगितली तर घालू नको. कायदा सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, मालकी कुणाचीही असो.

करार कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि सही करणाऱ्या आजींना फक्त मराठी येत असेल, तर मराठीत वाचून दाखवल्याचं वाक्य आणि वाचणाऱ्याची सही घे. मराठी प्रत सोबत दिलीस तर कुठली प्रत अंतिम, तेही लिहावं लागेल.

गृहज्योतीचं, म्हणजे राज्याच्या मोफत विजेच्या योजनेचं, तिन्ही नमुन्यांत कुठंच नाही. भाडेकरूनं आपला आधार क्रमांक घराच्या आरआर नंबरला, म्हणजे वीजजोडणीच्या नंबरला, जोडलेला असतो. जाताना तो काढला नाही तर नव्या भाडेकरूचा अर्ज अडतो. 'आधार काढल्याशिवाय शेवटचा हिशेब नाही' अशी एक ओळ घाल.

तिसरा नमुना ठेव, त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्यात. शनिवारी येताना अनगोळच्या त्या घराची ईसी आणि उतारा घेऊन ये.

तुझे,
बाबा