छोट्या नगरपरिषदेला झोन कशासाठी?

महोदय,

आमच्या नगरपरिषदेने सुधारित प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली असून तिच्यावर हरकती व सूचना नोंदवण्याची ३० दिवसांची मुदत सध्या चालू आहे. त्या निमित्ताने गावात जे बोलले जाते त्याचा सूर बहुतेक एकच असतो : एवढ्याशा गावाला हे झोन (कोणत्या जमिनीवर कोणता वापर चालेल याची विभागणी) आणि आरक्षणे (सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जमिनी) हवीत कशाला, पुण्या-मुंबईचे नियम आमच्या माथी का मारता? या समजुतीबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण माझ्या मते झोनची गरज मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांना अधिक आहे.

नगरपरिषदेच्या जिन्यात प्रारूप नकाशा लावला आहे. येणारा प्रत्येक जण त्यावर बोट फिरवत आपला गट नंबर शोधतो, तो पिवळ्या रंगात म्हणजे रहिवास विभागात आला की हिरव्यात म्हणजे शेती विभागात राहिला एवढे पाहतो आणि खूश किंवा नाराज होऊन निघून जातो. शेजारच्या गटाला कोणता रंग दिला आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक झोनचा खरा उपयोग तिथेच आहे. आयुष्यभराची पुंजी घालून ज्याने घर बांधले, त्याच्या कुंपणापलीकडे उद्या फॅब्रिकेशनचे वर्कशॉप, भंगाराचे गोदाम किंवा मंगल कार्यालय उभे राहू शकते का, याचे उत्तर त्याला जमीन घेण्यापूर्वीच मिळाले पाहिजे, आणि ते कोणाच्या ओळखीवर किंवा मर्जीवर अवलंबून असता कामा नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये होणाऱ्या विकास योजनेचा माझ्या समजुतीप्रमाणे हा पहिला हेतू आहे. आता तर जमीन महसूल संहितेतील कलम ४२-अ नंतर, विकास योजनेतील वापराशी सुसंगत बांधकाम असेल तर बिगरशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे पूर्वी तहसील कचेरीत जो प्रश्न निदान एकदा विचारला जात असे, त्याचे उत्तर आता नकाशाच देतो. साहजिकच नगरपरिषदेच्या झोन दाखल्याला पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

झोन आले की घराखालचे दुकान बंद करावे लागणार, अशी भीती बाजारपेठेतील काही मंडळी व्यक्त करतात. ती निराधार आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांना डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली रहिवास विभागात किराणा दुकान, दवाखाना, शिकवणी अशा वापरांना जागा देते आणि कोणता वापर कुठे चालेल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरवते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपल्या पेठांची जुनी रीत आहे व ती मोडण्याचे कारण नाही. चिंता असावी ती आवाज, धूर, अवजड वाहने आणि आगीचा धोका यांची. रात्री दहानंतर अरुंद बोळात मालाचा ट्रक मागे घेणारा चालक आणि त्याला हातवारे करणारा हमाल ज्यांनी खिडकीतून पाहिला आहे, त्यांना रस्त्याच्या रुंदीची अट का आहे हे समजावून सांगावे लागणार नाही.

लहान गावाला झोनची गरज अधिक, असे म्हणण्याचे मुख्य कारण पैशाचे आहे. महानगरपालिकेची चूक झाली तर ती मोबदला देऊन रस्ता रुंद करते, उड्डाणपूल बांधते. आमच्यासारख्या नगरपरिषदेचा कर पगार, पाणीपुरवठा आणि वीजबिल यांतच संपतो व बाकी सारे शासनाच्या अनुदानावर चालते. त्यामुळे आज ओढ्याच्या काठी जी मोकळी जमीन बांधकामाखाली जाईल, ती परत मिळवण्याची ऐपत आमच्यात पुढे कधीच येणार नाही.

ओढ्याचा उल्लेख मुद्दाम केला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पाण्याने चिपळूणची बाजारपेठ कशी बुडाली, हे सर्वांनी पाहिले आहे. नियमावलीनुसार नदीचा काठ आणि निळी पूररेषा (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध असतो. तिथे बाग, वाहनतळ, खुला भाजीबाजार असे मोजके वापर चालतात. निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. चिपळूणमध्ये या रेषा आखल्या गेल्या तेव्हा जुन्या वस्तीचा मोठा भाग त्यांत सापडला आणि नागरिकांनी जोरदार हरकत घेतली. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण वस्ती आधी आणि रेषा नंतर, अशी ती उलटी वरात होती. आमच्या गावाचा नदीकाठ अजून बराचसा मोकळा आहे. प्रारूप योजनेत मात्र त्यातील काही गट पिवळे दाखवले आहेत आणि त्यामागचे कारण अहवालात कुठेही सापडत नाही.

ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडते त्यांची तक्रारही खरी आहे. बाग, शाळा, भाजी मंडई अशी आरक्षणे नकाशावर टाकायची, संपादनाला पैसा नाही म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच ठेवायची आणि मालकाने ना विकायचे ना बांधायचे, हा अन्यायच आहे. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली सूचना देता येते व त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. पण तोवर एका पिढीचे व्यवहार अडलेले असतात. मोबदल्यात विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) देऊ, असे सांगितले जाते. जिथे तीन मजल्यांच्या वर कोणी बांधतच नाही, तिथे तो विकत घेणार कोण? तेव्हा आरक्षणे थोडी असावीत, परवडतील एवढीच असावीत, आणि जिथे शक्य असेल तिथे मालकालाच काही भाग विकसित करू देणाऱ्या समावेशक आरक्षणाचा मार्ग आधी चोखाळावा.

योजना मंजूर झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली योजनेचे मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल करता येतो आणि ही तरतूद आवश्यकही आहे. परंतु एकेका गटापुरते, एकेका अर्जदारासाठी फेरबदल होत गेले, तर त्या सर्वांची बेरीज योजनेचे स्वरूप बदलूनच टाकते. बेंगळुरूच्या राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप बेकायदा ठरवले आणि दाद मागणारे होते त्याच वसाहतीतील रहिवासी. रुग्णालय ही वाईट गोष्ट नव्हे, हे उघडच आहे. पण ज्यांनी समोर उद्यान होणार या भरवशावर तिथे घरे केली, त्यांच्याशी झालेला करार असा परस्पर मोडता येत नाही.

नियोजन समितीपुढील सुनावणीत हरकतदाराला बहुधा काही मिनिटे मिळतात आणि पुढे त्याच्या हरकतीचे काय झाले ते थेट मंजूर नकाशावरच कळते. माझी विनंती एवढीच आहे की समितीने प्रत्येक हरकतीवरील निर्णय गटनिहाय आणि कारणांसह मराठीत प्रसिद्ध करावा, आणि सुनावणीपूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा प्रारूप नकाशाच्या शेजारी लावावा, म्हणजे कुठला गट काय होता आणि आता काय होणार आहे हे सर्वांना एका नजरेत दिसेल. ही सुधारित योजना पुढे वीसेक वर्षे आमच्यावर लागू राहणार असल्याने ती मंजूर होण्यापूर्वी हे व्हावे.

आपला,
एक मालमत्ताधारक