न जुळणारी पावती बाजूला ठेवल्याबद्दल

नमस्कार,

किराण्याच्या पावत्या मेलमधून उचलून हिशेबाच्या तक्त्यात आणणारं टूल तुम्ही लिहिलंत, फुकट वापरायला दिलंत आणि वर माझ्या शंकांना सवडीनं, सविस्तर उत्तरंही दिलीत. आभार खासगीतही मानता आले असते. पण या कामात नेमकी मेख कुठे असते हे इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? पावती मेलमध्ये आहेच, एआयला दाखवली की तो वाचेल. वाचतोही. अडतं ते वाचण्याच्या आधी आणि नंतर.

मेलचं मूळ रूप उघडून बघा, असं तुम्ही सुचवलं होतंत. उघडलं तर जिकडेतिकडे बरोबरची (=) चिन्हं आणि मध्येच तुटलेल्या ओळी. देवनागरीतलं 'क' यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं, मेलच्या त्या सांकेतिक लिखाणात प्रत्येक बाइटची पुन्हा ३ चिन्हं होतात, आणि एक ओळ ७६ चिन्हांपलीकडे जाऊ द्यायची नसते. म्हणजे आठ अक्षरं झाली की ओळ मोडलीच! वस्तूचं नाव एका ओळीत अर्धं, दुसरीत अर्धं. हे सगळं साध्या कोडनं आधी उलगडायचं, जाहिरातींची चित्रं नि लपवलेला मजकूर काढून टाकायचा आणि मगच एआयपुढे ठेवायचं, हा तुमचा शिरस्ता. जे काम नियमानं होतं ते एआयच्या गळ्यात कशाला घालायचं, हे तुमचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

पुढची गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. एकाच ऑर्डरचे मेल दोन येतात. पहिला ऑर्डर मिळाल्याचा, दुसरा सामान निघाल्यावरच्या पक्क्या बिलाचा. दोन्हींतली रक्कम सारखी असेलच असं नाही. वजनावर विकला जाणारा जिन्नस थोडा कमी भरतो, एखादी वस्तू संपलेली असते, तिच्या जागी दुसरीच येते. मेलचा ओळखक्रमांक दर वेळी वेगळा, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबलं तर खर्च दोनदा चढतो. तुम्ही ऑर्डर क्रमांक धरलात आणि पक्कं बिल आलं की आधीची नोंद मागे टाकलीत. मागे टाकलीत, पुसली नाहीत. त्यामुळे मागवलं काय नि आलं काय, हे नंतरही पाहता येतं.

पण मी खऱ्या अर्थानं ऋणी आहे ती ताळ्यासाठी. तुमचं टूल एआयकडून बेरीज करवून घेत नाही. पावतीवर जे छापलंय तेवढंच मागतं, आणि नसेल तर रकाना रिकामा ठेवायला सांगतं. बेरीज कोड करतो, तीही चलनाच्या सर्वात लहान एककात, पूर्णांकात. कारण दशांश अपूर्णांकांत संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ येत नाही. वस्तूंची बेरीज, अधिक डिलिव्हरीचा आकार, वजा सवलत, आणि छापलेली एकूण रक्कम. जुळलं तर नोंद. नाही जुळलं तर 'तपासा'च्या गठ्ठ्यात.

आधी मी वापरत असलेल्या एका टूलमध्ये प्रत्येक पावती बिनबोभाट जुळायची. नीट पाहिलं तेव्हा कळलं की फरक पडला की 'इतर' नावाची एक ओळ त्यात आपोआप उगवते. पावतीवर तिचा पत्ताच नाही! जुळवून दे म्हटलं की एआय जुळवून देतो, मारूनमुटकून का होईना. तुमच्याकडे तीच पावती 'तपासा'त गेली. फरकाची रक्कम समोर लिहिलेली होती, म्हणून शोधायला वेळ लागला नाही: अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दिलेली सदस्यांची सूट. हिशेब ठेवणाऱ्याला असं अडून बसणारं टूलच हवं असतं.

परवानगीचंही तसंच. फक्त वाचण्यापुरती, आणि टूल वाचतंही पावत्यांचं लेबल लावलेले मेलच. पाठवणं नाही, पुसणं नाही. उद्या कोणी मेलच्या मजकुरात एआयला उद्देशून भलतीच आज्ञा घुसवली, तर तिला फसून नोंद चुकेल फार तर, माझ्या नावानं कोणाला मेल जाणार नाही.

एक काम मात्र अजून हातानं करावं लागतं. परत केलेल्या वस्तूंचे पैसे जमा झाल्याच्या काही मेलमध्ये ऑर्डर क्रमांकच नसतो, नुसती रक्कम असते, मग ती कुठल्या पावतीतून वजा करायची ते टूलला कळत नाही. अशा मेलचे काही नमुने, नाव-पत्ता काढून, तुम्हाला वेगळे पाठवले आहेत. सवड झाली की बघा, घाई अजिबात नाही.

आपली,
एक हिशेबी वापरकर्ती