अमावास्या पाहून तिकिटे काढा

सॅन डिएगो, कॅलिफोर्निया
दि. १० फेब्रुवारी

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि त्यासोबत मुलांनी वहीच्या कागदावर लिहून पाठवलेली यादी, दोन्ही मिळाले. आई यायला तयार झाली ही ओळ मी कितीदा वाचली असेन ते सांगता येणार नाही. यादीत दहा दिवसांसाठी अकरा ठिकाणे आहेत आणि त्यांतली सात मोठ्या तिकिटांची आहेत. मी त्यांतले काही उगाच खोडलेले नाही, पण विमानाची तिकिटे काढण्याआधी दोन गोष्टी तुम्हाला नीट समजावून सांगायच्या आहेत. इथला दिवस मळभ पाहून आखावा लागतो आणि इथे यायची तारीख चंद्र पाहून ठरवावी लागते. हे दोन्ही जमले तर यादीतली निम्मी ठिकाणे पाहूनही मुले तृप्त होतील, आणि आईचे गुडघेही दुखणार नाहीत.

आधी मळभाचे सांगते. या गावाच्या उन्हाची जी ख्याती आहे ती खरी आहे. वर्षाकाठी इथे सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मात्र नेमके मे आणि जून हे महिने किनाऱ्यावर झाकोळलेले असतात, आणि इथले लोक त्यांना ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणतात. उत्तरेकडून येणारा समुद्राचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळे पाण्यालगतची हवा गार आणि दमट राहते. तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसलेले असते, म्हणून ती वर उठून विरू शकत नाही आणि तिचाच सखल, करडा ढग होऊन रात्रीतून गावावर पसरतो. दुपारपर्यंत ऊन त्याला हळूहळू खाऊन टाकते, तर किनारा सोडून पंचवीस-तीस किलोमीटर आत गेले की सकाळीच लख्ख ऊन पडलेले असते.

हे मी अनुभवाने शिकले. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या कुटुंबाला मी सकाळी नऊलाच वाळूवर नेले, आणि तिची मुले टॉवेलात कुडकुडत बसली. दुपारी त्यांना डोंगरातल्या प्राणी-उद्यानात नेले, तेव्हा तिथे ऊन भाजत होते आणि प्राणी सावलीत निजलेले होते. त्या दिवसाचा क्रम मी पूर्ण उलटा लावला होता.

या ढगाने तर एक दीपगृहही बंद पाडले आहे. पॉइंट लोमा या भूशिराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४२२ फूट उंच, १८५५ साली दिवा लागला. तो दूरवरून दिसावा म्हणूनच इतकी उंच जागा निवडली होती. पण ढग नेमका त्या उंचीवर उतरून दिवा झाकू लागला, आणि अखेर १८९१ मध्ये तो विझवून खाली पाण्याजवळ दुसरे दीपगृह उभारावे लागले. जुनी इमारत अजून जपून ठेवली आहे, आतला गोल जिना चढता येतो, आणि तिथून संपूर्ण खाडी, पूल आणि गाव एका नजरेत मावते. १५४२ साली काब्रिलो हा दर्यावर्दी याच खाडीत शिरला, म्हणून त्या परिसराला त्याचे नाव आहे. तिथे आपण एखाद्या दुपारी, आकाश मोकळे झाल्यावर जाऊ.

आता चंद्राचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती मोठी येते तशी ओहोटीही खोल जाते, हे बाबांनी आपल्याला लहानपणीच सांगितले होते. इथे हिवाळ्यात ती खोल ओहोटी दुपारी लागते आणि मे महिन्यात पहाटे, आणि एरवी पर्यटकांना ही पहाटेची वेळ गैरसोयीची असते. तुमच्यासाठी मात्र ती सोन्यासारखी आहे, कारण मे महिन्यात इथले घड्याळ आपल्याकडच्यापेक्षा साडेबारा तास मागे असते आणि तिकडून आलेली मुले पहिले चार दिवस रात्री तीनलाच टक्क जागी होतात. त्यांना अंधारात घरात दटावून झोपवण्यापेक्षा, उजाडताच मी त्यांना खडकांवर नेईन.

ओहोटी लागली की एरवी पाण्याखाली असणारे खडकांचे पठार उघडे पडते आणि त्यातल्या प्रत्येक खळग्यात पाणी साचून राहते. पहिली पाच मिनिटे तिथे काहीच दिसत नाही. मग नजर सरावते, आणि हिरवट समुद्रफुले दिसू लागतात, जी पाण्यात पाकळ्यांसारखे हात पसरून असतात आणि पाणी ओसरले की मिटून चिखलाच्या गोळ्यासारखी होतात. पाठीवर शंख घेऊन पळणारे खेकडे, खडकाला घट्ट बसलेल्या शिंपल्या, आणि दैव बलवत्तर असेल तर कपारीत अंग चोरून बसलेला लहानसा ऑक्टोपस. थोरला धीर धरून पाहील, धाकटीला हात घालायचा मोह होईल, म्हणून नियम तिला आत्तापासूनच सांगा: पाय नेहमी कोरड्या, उघड्या खडकावर ठेवायचा, समुद्राकडे पाठ करायची नाही, आणि काहीही उचलायचे नाही. रिकामा शंखसुद्धा नाही, कारण तो एखाद्या खेकड्याचे पुढचे घर असतो. हा किनारा संरक्षित आहे आणि नियम कायद्याचाच आहे, पण मुलांना कायद्यापेक्षा खेकड्याचे घर लवकर पटेल.

यासाठी मी एन्सिनिटास गावचा किनारा निवडला आहे. तिथे उतरायला लांब जिना आहे, तो आईला झेपणार नाही. पण वर कड्यावर छोटे उद्यान आहे, बाके आहेत, आणि तिथे शाल पांघरून बसले की खाली लाटांवर फळ्या घेऊन तरंगणारी माणसे दिसतात. त्याच कड्यावर परमहंस योगानंदांचा आश्रम आहे. १९३०च्या दशकापासून तो तिथे आहे, आणि त्यामुळे या किनाऱ्याचे नावच ‘स्वामीज’ पडले. आश्रमाची बाग सर्वांना विनामूल्य खुली असते. मुले खडकांवरून परतली की आपण सगळे त्या बागेत जाऊ. तिथल्या तळ्यात रंगीत मासे आहेत, आणि शांतता अशी आहे की धाकटीसुद्धा आपोआप हळू बोलेल.

त्याच अमावास्येची आणखी एक देणगी रात्री असते. ग्रुनियन नावाचे वीतभर लांबीचे चंदेरी मासे मार्च ते ऑगस्ट या काळात, अमावास्या किंवा पौर्णिमा होऊन गेल्यावर तीन-चार रात्री, भरतीच्या लाटेवर स्वार होऊन चक्क वाळूवर येतात. मादी शेपटीने वाळूत खड्डा करून उभी राहते आणि अंडी घालते, नर तिच्याभोवती वेटाळतात, आणि पुढच्या लाटेबरोबर सगळे परत जातात. अंडी ओल्या वाळूत सुमारे दोन आठवडे, पुढच्या उधाणापर्यंत पडून राहतात. त्या उधाणाच्या लाटेने ती घुसळली गेली की त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. मे महिन्यात हे मासे धरायला बंदी असते, फक्त पाहायचे. ते येतीलच असे नाही. मी चार वेळा गेले आणि दोनदाच पाहिले. विजेरी न लावता, बोलणे बंद करून, अंधारात उभे राहायचे, आणि मग अचानक पायापुढची वाळू चमचमू लागते. ती रात्र मला मुलांना दाखवायचीच आहे.

ला हॉया येथील सीलही त्यांच्यासाठीच. तिथल्या एका छोट्या पुळणीला अर्धवर्तुळाकार भिंत आहे. १९३१ च्या सुमारास एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंनी ती स्वतःच्या पैशाने बांधवून घेतली, लहान मुलांना लाटांच्या भीतीवाचून पोहता यावे म्हणून. पुढे त्या शांत पाण्याचा ताबा सीलांनी घेतला, आणि आता १५ डिसेंबर ते १५ मे, म्हणजे त्यांच्या विणीच्या काळात, माणसांना तिथे वाळूवर उतरू देत नाहीत. भिंतीलगतच्या पदपथावरून ते छान दिसतात आणि आईलाही तिथे सहज चालता येईल. जवळच्या खडकांवर सी लायन असतात. मुलांना फरक ओळखायला सांगा: ज्यांना बाहेर दिसणारे छोटे कान आहेत आणि जे पुढच्या परांवर उठून चालतात ते सी लायन, जे पोटावर सरपटतात ते सील.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी बाल्बोआ पार्कसाठी ठेवला आहे, दोन पूर्ण सकाळी आणि एक रविवार. १८६८ साली, गाव अगदी लहान असताना, इथल्या लोकांनी १,४०० एकर उजाड माळ सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवला, आणि त्यातला सुमारे १,२०० एकर आजही उद्यानच आहे. तिथे झाडे आली ती केट सेशन्स या बाईंमुळे. १८९२ मध्ये त्यांनी आपल्या रोपवाटिकेसाठी तिथे थोडी जमीन मागितली, आणि बदल्यात दरवर्षी उद्यानात १०० झाडे लावण्याचे व गावासाठी आणखी ३०० देण्याचे कबूल केले. आपण ज्याला नीलमोहर म्हणतो ते झाडही त्यांनीच या गावात लोकप्रिय केले. तुम्ही याल तेव्हा रस्तोरस्ती तो फुललेला असेल, आणि मळभ असलेल्या सकाळी तो जांभळा रंग उन्हातल्यापेक्षाही खुलतो. तेवढ्यासाठी तरी त्या ढगावरचा राग मी सोडला आहे.

उद्यानातल्या बऱ्याच सुंदर इमारती पनामा कालवा खुला झाल्याच्या निमित्ताने १९१५ साली भरवलेल्या प्रदर्शनाच्या आहेत. लाकडी पट्ट्यांचे वनस्पतिगृह आणि त्याच्यासमोरचे कमळांचे तळे आईला आवडेल. १९१० सालचा हाताने कोरलेल्या प्राण्यांचा फिरता पाळणा धाकटीसाठी आहे. त्यावर बसून जाता जाता पितळी कडी खेचायची असते. आणि रविवारी दुपारी २ वाजता उघड्यावरच्या भल्यामोठ्या ऑर्गनचे वादन असते, त्याला तिकीट नाही. हजारो नळ्यांचे ते वाद्य स्प्रेकल्स बंधूंनी गावाला भेट दिले. त्याचे खर्जाचे स्वर बाकातून अंगात शिरतात. टोप्या मात्र न्यायच्या, कारण दोनपर्यंत ढग गेलेला असतो.

प्राणिसंग्रहालय याच उद्यानात आहे, आणि त्याचा जन्मही त्या प्रदर्शनातून झाला. प्रदर्शनासाठी आणलेले प्राणी तिथेच राहिले होते. त्यांतल्या सिंहाची डरकाळी ऐकून हॅरी वेगेफोर्थ नावाच्या डॉक्टरांनी १९१६ मध्ये संस्था स्थापन केली. जागा १०० एकरांची आणि दऱ्याखोऱ्यांची आहे, म्हणून आईला आधी माहिती सांगणाऱ्या बसने फिरवू आणि मग तारेवरून जाणाऱ्या पाळण्यातून पलीकडे नेऊ. २०२४ मध्ये चीनहून दोन पांडा आले आहेत. त्यांच्यापुढे रांग असते, तेव्हा दार उघडताच तिकडे जायचे.

एस्कोंडिडोजवळचे सफारी पार्क १,८०० एकरांचे आहे आणि किनाऱ्यापासून दूर आहे, म्हणून तिथे सकाळीच निघायचे. गेंडे आणि जिराफ तर पाहायचेच, पण मला थोरल्याला कॅलिफोर्निया कॉन्डॉर दाखवायचा आहे. हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये जगात अवघे २२ उरले होते. मेलेल्या जनावरांतल्या बंदुकीच्या गोळ्यांचे शिसे पोटात जाऊन ते मरत होते. १९८७ पर्यंत रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला, पिंजऱ्यात वीण वाढवली आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा आकाशात सोडले. आपल्याकडची गिधाडे कशी नाहीशी झाली ते त्याने शाळेत वाचले आहे, असे वहिनींनी लिहिले होते. त्याला ही दुसरी बाजू पाहू दे.

उरलेली यादी आता भराभर सांगते. कार्ल्सबॅडचे लेगोलँड धाकटीच्या वयाला अगदी योग्य आहे, तिथे एक दिवस. डिस्नेलँड इथून दीडशे किलोमीटर दूर ॲनाहाइमला आहे. तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहावे लागते, आणि माझ्या मते आईला घेऊन तो दिवस करू नये. मुलांचा फार आग्रह असेल तर तू आणि वहिनी त्यांना घेऊन जा, आई माझ्याजवळ राहील. मिडवे ही विमानवाहू नौका बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे. ती तुझ्यासाठी आहे, दादा.

समुद्रस्नानाबद्दल थोडे गंभीरपणे सांगते. मे महिन्यात पाणी १६-१७ अंशांच्या आसपास असते, आणि आत ओढून नेणारे प्रवाह वरून दिसत नाहीत. जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोरच उतरायचे, आणि मुले कमरेपेक्षा खोल पाण्यात जाणार नाहीत. आईसाठी मिशन बीचवर मोठ्या, फुगीर चाकांच्या खुर्च्या विनामूल्य मिळतात. त्या वाळूत रुतत नाहीत, आणि तिला थेट पाण्याच्या कडेपर्यंत नेता येईल. तिचे पाय लाटेत भिजले पाहिजेत, एवढी माझी फार इच्छा आहे.

तर दादा, भिंतीवरची दिनदर्शिका काढ आणि मे महिन्यातली अमावास्या पाहा. अमावास्येला घराबाहेर पडणे आईला रुचणार नाही, म्हणून तिच्या दोन दिवस आधी निघा. त्यानंतर ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे अमावास्येनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सूर्योदयानंतर लागेल आणि खडक चांगल्या उजेडात पाहता येतील. तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे मी रजेचा अर्ज देते. प्रत्येकाला एक जाड स्वेटर आणि न घसरणारे जुने बूट हवेत. आईची शाल हातातल्या पिशवीतच ठेवा.

आई-बाबांना माझा साष्टांग नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी धाकटी बहीण