आप्पांना पत्र : कांद्याचं टॉनिक आणि ब्रॉडबाल्कचा गहू

हार्पेनडेन, इंग्लंड
१४ ऑक्टोबर

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी तुम्ही विचारलंत, कांद्याला ते नवीन टॉनिक मारू का? तेवढ्यात फोन आईकडे गेला आणि उत्तर राहिलं. तसंही फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. दादाला मोठ्यानं वाचायला सांगा.

टॉनिक चांगलं की वाईट, मला ठाऊक नाही. खरं तर दुकानदारालाही नाही. तो म्हणतो नानांच्या रानात एकरी वीस पिशव्या जास्त निघाल्या. निघाल्या असतील. पण नानांचं रान विहिरीला लागून, माती काळी, रोप घरचं आणि लागण तुमच्या आधी पंधरा दिवस. मग त्या वीस पिशव्या बाटलीतून आल्या की मातीतून, की पाण्यातून? मी जिथं काम करते त्या रॉथमस्टेड या शेती संशोधन संस्थेत लोक हाच प्रश्न घेऊन १८४३ पासून बसलेत.

तुम्हाला वाटतं मी दिवसभर पांढरा कोट घालून काचेच्या नळ्यांत डोकं घालून असते. तसंही असतं, मातीतले जिवाणू मोजायचे तर नळ्या आल्याच. पण इथलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे एक शेत आहे, ब्रॉडबाल्क नावाचं. जॉन बेनेट लॉज नावाच्या जमीनदारानं १८४२ मध्ये सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून आपल्याच जमिनीवर प्रयोग मांडले. त्या शरद ऋतूत पेरलेला गहू तिथं आजही पेरला जातो. शेताचे लांब पट्टे पाडलेत. एकाला शेणखत, एकाला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद-पालाश, आणि एका पट्ट्याला तेव्हापासून काहीच नाही. तणानं फारच उच्छाद मांडला तेव्हा काही भाग मधूनमधून पड ठेवावा लागला.

आता पेरणीचेच दिवस आहेत. माती गारगोट्यांनी भरलेली, बूट घसरतो. काहीच न दिलेल्या उपाशी पट्ट्यावर गहू वर्षभर उभा राहिला तरी गुडघ्याएवढा, विरळ, पिवळट. तरी हेक्टरी साधारण एक टन देतो, म्हणजे आपल्या हिशेबानं एकरी चार क्विंटल. एवढी वर्षं एक मूठ खत नाही आणि तरी चार क्विंटल! शेणखताच्या पट्ट्याला दरसाल एकरी चौदा टन पडतं. तिथल्या मातीतला कर्ब उपाशी पट्ट्याच्या दुपटीहून वर गेलाय. ती माती हातात घेतली की आपल्या गोठ्यामागच्या वाफ्याची आठवण होते. अर्थात एकरी चौदा टन शेणखत आणायचं कुठून, हे तुम्ही विचारणारच. तो प्रश्न इथल्या शेतकऱ्यांनाही पडतो.

या लोकांनी दरवर्षी थोडी माती, थोडं धान्य, थोडं काड बाटल्यांत भरून ठेवलं. आज तीन लाखांच्या आसपास नमुने आहेत, रॅकवर रॅक. कशाला ठेवतोय हे ठेवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. डीएनए हा शब्दच जगात नव्हता तेव्हाचं काड काढून २००५ मध्ये त्यातल्या बुरशीचा डीएनए तपासला. गव्हाच्या पानावर करपा आणणाऱ्या दोन बुरश्या आहेत. कधी एक वरचढ, कधी दुसरी, आणि का ते कोणाला उमगत नव्हतं. दीडशे वर्षांचा आलेख काढल्यावर दिसलं की तो चढउतार हवेतल्या गंधकाच्या धुराबरोबर चालतो, म्हणजे कोळसा किती जळला त्यावर. आणि गंमत बघा, धूर कमी झाल्यावर हवेतून फुकट मिळणारं गंधक गेलं, आता इथले शेतकरी ते पोत्यातून विकत घेतात.

इथंच पार्क ग्रास म्हणून एक गवताचं कुरण आहे, १८५६ पासून खतांचे वेगवेगळे तुकडे पाडलेलं. खत न दिलेल्या तुकड्यात पस्तीस-चाळीस जातींची झाडं-गवतं नांदतात. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट पडून माती आंबट झाली तिथं दोन-तीनच उरल्यात. त्याच कुरणाच्या वाळक्या गवतात शास्त्रज्ञांना प्लुटोनियम सापडलं, १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांची राख. चाचण्या झाल्या कुठं, आणि खूण राहिली या गवतात. तुमच्या फवारणीच्या बाटलीवरचं सायपरमेथ्रिन हे कीटकनाशकही याच संस्थेत मायकेल इलियट यांच्या चमूनं शोधलं, १९७० च्या दशकात. म्हणजे आपल्या रानात रॉथमस्टेड माझ्या आधी पोचलं होतं.

पण तुमच्या टॉनिकचा निकाल लावणारा माणूस वेगळाच. १९१९ मध्ये इथं रोनाल्ड फिशर नावाचा एक तरुण गणिती नोकरीला लागला. पंचाहत्तर वर्षांचे उत्पन्नाचे आणि पावसाचे आकडे पडून होते, त्यातून काही निघतं का ते बघायचं काम. हातानं फिरवायच्या यंत्रावर बेरजा-गुणाकार करत बसायचा. त्याला कळलं की आकडे कितीही असोत, प्रयोग मांडतानाच घोळ झाला असेल तर नंतर गणित काही करू शकत नाही. दोन शेजारच्या तुकड्यांतही जमीन सारखी नसते. म्हणून प्रत्येक खत एकाच जागी न देता अनेक तुकड्यांत द्यायचं आणि कुठल्या तुकड्याला काय, हे आपण न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवायचं. आज औषधांच्या चाचण्याही याच पद्धतीनं होतात. माणूस म्हणून भांडखोर होता, वंशसुधारणेबद्दलची त्याची मतं वाचवत नाहीत, आणि सिगारेटनं कॅन्सर होतो हे शेवटपर्यंत मानलं नाही. चिठ्ठीचं मात्र त्याचं बरोबर होतं.

आता हे ऐका. हे गणित आपल्याकडच्या शिवारात ज्यांनी उतरवलं त्यांतले एक आपल्याच खटाव तालुक्यातले, बुधचे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. लंडनला संख्याशास्त्र शिकले, परत येऊन दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर पीक कापणी प्रयोगांची, म्हणजे शेतातला ठरावीक चौकोन कापून-तोलून भागाचं सरासरी उत्पन्न काढायची, पद्धत बसवली, पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. बुधवरून आपण कितीदा गेलो असू, शाळेत कोणी हे नाव सांगितलं नाही.

पीक कापणीला माणसं आली की तुम्ही चिडता, "चांगलं रान सोडून नेमकं हेच का?" तर नेमकं हेच, कारण गट नंबर सोडतीनं निघतो. चांगलं रान निवडलं तर सरासरी फुगते आणि विमा बुडतो, वाईट निवडलं तर उलटं. सुखात्म्यांनी आणखी एक बारकी गोष्ट दाखवून दिली. मोजायचा चौकोन फार लहान घेतला की उत्पन्न हमखास जास्त दिसतं, कारण चौकोनाच्या दोरीवर आलेलं पिकाचं ताट आत धरायचा मोह कापणाऱ्याला होतोच, आणि चौकोन जितका लहान तितकी कडेची ताटं प्रमाणात जास्त. दिल्लीत बसून हे सुचत नाही, विळा चालताना बघावा लागतो.

तर कांद्याचं असं करा. वाफे तुमचे आयतेच पाडलेले असतात. विहिरीकडचे दोन लगतचे वाफे ही एक जोडी, बांधाकडचे दोन ही दुसरी, अशा सहा जोड्या वेगवेगळ्या जागी धरा. लिंबाच्या सावलीतले सोडून द्या. प्रत्येक जोडीत कुठल्या वाफ्याला टॉनिक, ते नाणं उडवून. तुम्ही ठरवू नका, तुमचा हात आपोआप चांगल्या वाफ्याकडे जाईल. दुसऱ्या वाफ्यावर त्याच दिवशी, त्याच पंपानं साधं पाणी फवारा. पंप आधी धुवून घ्या. खत, पाणी, खुरपणी दोघांना सारखी. काढणीला कडेच्या ओळी सोडून मधलाच कांदा तोला.

सहाच्या सहा जोड्यांत टॉनिकचा वाफा पुढे निघाला तर त्यात दम आहे असं धरा, कारण नुसत्या नशिबानं तसं व्हायची शक्यता चौसष्टात एक. पाचच पुढे निघाले तर भुलू नका. नशिबानं पाच किंवा सहा पुढे जाण्याची शक्यता साधारण नवात एक आहे, तेवढं सहज घडतं. आणि पुढे निघालं तरी बाटलीचे आणि फवारणीच्या मजुरीचे पैसे वजा करून बघा. जास्त पिकलं म्हणजे परवडलं असं नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

नाण्याचा कागद आईजवळ द्या. तोलताना दादाला कळता कामा नये कुठला वाफा कुठला, नाहीतर तो काटा टॉनिककडे झुकवेल. बाटल्या त्यानंच ठरवल्यात ना!

तुमची,
धाकटी

ता. क. आईसाठी : इथं चहात आधी दूध घालायचं की आधी चहा, यावर माणसं हिरिरीनं भांडतात. म्युरियल ब्रिस्टल म्हणून एक बाई इथं शेवाळावर काम करायच्या. त्या म्हणाल्या, मला चवीवरून ओळखता येतं. त्यावरून फिशरनं पुढं पुस्तकात उदाहरण मांडलं : आठ कप, चारांत आधी दूध, क्रम सोडतीनं, बाईंनी ते चार ओळखायचे. अंदाजपंचे चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. आपल्याकडे सगळं एकत्रच उकळतं म्हणून हा वाद नाही, पण गवती चहा घातलेला आणि न घातलेला असा प्रयोग आप्पांवर करून बघ. नानांकडं नको, त्यांच्या चहात साखरेशिवाय काही कळतच नाही.